शब्द नसलेली पानं

डोळे गेल्यापासून ताईचं वाचन माझ्या तोंडून चालतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. नोकरीत लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले आणि उरलेला सगळा वेळ पुस्तकांत घातला. मी लॉन्ड्री चालवते. दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघी राहतो. दुपारी शटर अर्धं ओढलं की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि मी वाचते.

पुस्तकापेक्षा मला तिचे शेरे आवडतात. मध्यंतरी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घराण्यावरची जाडजूड कादंबरी संपवली. ताई म्हणाली, "या लेखकाला माणसं मारायची भारी घाई. जरा कुणाशी ओळख झाली की उचललाच त्याला!" नंतरच्या रहस्यकथेतला खुनी तिनं सुरुवातीलाच ओळखला. "तरी वाच," म्हणाली, "इन्स्पेक्टरची बायको झकास बोलते."

वाचून वाचून माझा घसा बसला, म्हणून वाचनालयातून कॉमिक आणलं. ताईनं नाक मुरडलं. "आंधळीला चित्रं दाखवणार?"

"दाखवत नाही, सांगते."

बंदरावर क्रेन चालवणाऱ्या बाईची आणि तिच्या तरुण मुलाची गोष्ट होती ती. पहिल्या काही पानांतच ताई रमली. बाईच्या हातमोज्याचा रंगसुद्धा विचारायला लागली. मग अर्ध्यावर तो मुलगा बोटीवर गेला आणि बोट परत आलीच नाही.

ताईचा एकुलता एक मुलगाही असाच, कॉलेजला म्हणून मोटारसायकलवर निघाला होता. त्याला कैक वर्षं झाली. त्यानंतर त्याचं नाव ताईनं काढलं नाही. ती काढत नाही म्हणून मीही कधी काढलं नाही.

पुढच्या पानांवर शब्दच नव्हते. मी ती हळूच उलटायला लागले.

"पानं वाजतायत," ताई म्हणाली. "तू का गप्प?"

"काही लिहिलेलंच नाही गं. नुसती चित्रं आहेत."

"मग चित्रं सांग."

"ताई, दुसरं काहीतरी वाचू या."

"सांग म्हटलं ना."

मी सांगायला लागले. बाई स्वयंपाकघरात उभी आहे. टेबलावर दोन ताटं मांडते. एक उचलून परत फळीवर ठेवते. दारात शेजारीण येते, तिचं तोंड हलतंय, पण शब्द कुठेच नाहीत. बाई क्रेनवर चढते. वरून समुद्र दिसतो. ती समुद्राकडे पाठ करून बसते आणि काम करते.

मी थांबले. ताईचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते.

"हा लिहिणारा शहाणा आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे आले ते सगळे बोलतच सुटले होते. देवाची इच्छा, धीर धर, असं नि तसं. यानं त्या बाईला गप्प बसू दिलं."

मी तिच्या खुर्चीशी जाऊन बसले. मग तिनं आपल्या मुलाचं नाव घेतलं. सहज, जणू तो शेजारच्या खोलीत असावा. म्हणाली, "त्याचीही कॉमिकं होती. माझ्या पलंगाखाली पेटीत आहेत. काढतेस?"

पेटीचं झाकण गंजलं होतं, जोर लावून उघडावं लागलं. वरचंच कॉमिक घेतलं. एक उडता वीर आणि घराएवढा खेकडा, त्यांची हाणामारी.

"थांब," ताई म्हणाली. "खेकडा मागच्या पानावर मेला ना?"

"मेला होता."

"मग आता हा कोण?"

"तोच. लेखक विसरला बहुतेक."

ताई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मीही.

"कसलं भिकार लिहिलंय!" ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आणि हा गाढव यासाठी जेवण विसरायचा. मी हाका मारून थकायची." मग म्हणाली, "मी कधी उघडूनसुद्धा पाहिलं नाही गं, काय वाचतो ते."

बाहेर कुणीतरी शटर वाजवलं. कपडे न्यायला आलं असावं. मी उठायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

"थांबू दे जरा त्याला. खेकड्याचं काय होतं ते सांग."