गुपचूप सेवेचा आठवडा

पाळकसाहेबांनी त्या रविवारी केलेला उपदेश तसा चांगलाच होता. मंडळीला जरा काही केलं की ढोल पिटायची सवय फार. कुणी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर त्यावर देणाऱ्याचं नाव एवढं मोठं की किती वाजले ते दिसेना. म्हणून पाळकसाहेब म्हणाले, "चर्चची दशा बघा. बाकं कुरकुरतात, भिंती काळवंडल्यात, दार तर माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतं. ज्याला जे जमेल ते त्यानं करावं. पण असं करा, की या हाताचं त्या हाताला कळता कामा नये."

आजवर त्यांचं एकही सांगणं मंडळीनं मनावर घेतलं नव्हतं. नेमकं हेच घेतलं.

घोळ एवढाच झाला की चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी त्या वेळी मागच्या खोलीत फुलदाण्यांचं पाणी बदलत होत्या. बावीस वर्षांत त्यांनी एकही उपदेश धड पूर्ण ऐकला नव्हता. त्यांची भक्ती झाडूनं चालायची, आणि देवाला ती पोचते याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

सोमवारी सकाळी मावशी आल्या, तर फरशी आधीच पुसलेली. मंगळवारी खिडक्यांच्या काचा लख्ख. बुधवारी फरशी पुन्हा ओली, आणि बाकांना पॉलिशचा वास. मावशी झाडू घेऊन दारातच उभ्या राहिल्या. झाडायला एक पान नव्हतं.

त्यांनी प्लंबरला गाठलं. मंडळीतला हा सगळ्यात बडबड्या माणूस. "काय रे, इथं कोण येऊन साफसफाई करून जातंय?"

प्लंबर कानापर्यंत लाल झाला. "मला काही विचारू नका मावशी. मी काही बोलायचं नाही असं ठरलंय," असं म्हणून तो चक्क पळाला.

ठरलंय! म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. गणिताच्या बाईंना विचारलं, तर त्या आकाशाकडे बघत म्हणाल्या, "हवा छान आहे नाही?" दातांचे डॉक्टर तर मावशींना बघून रस्ताच ओलांडून गेले. मग मावशींनी दोन अधिक दोन केले आणि उत्तर आलं बावीस. आपल्या जागी नवीन बाई ठेवली. तरणी असणार. आणि आपल्याला तोंडावर सांगायची एकाचीही छाती होत नाही.

लेक तर टपूनच बसली होती. "आई, आता पुरे झालं. आमच्याकडे ये, आराम कर." मावशींना त्या आरामाची धडकी भरायची. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा त्या चर्च झाडायला आल्या होत्या, कारण घरात बसवत नव्हतं. हे काम सुटलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्या आजाराचं निमित्त करून घरी रडत बसल्या. मंडळीला वाटलं, मावशी आजारी, मग तर आपण दुप्पट केलं पाहिजे.

शनिवारी दुपारी मात्र मावशींनी पदर खोचला. त्या नव्या बाईला रंगेहाथ पकडायचं आणि चार शब्द सुनवायचे. त्या मागच्या दारानं आत शिरल्या. या दाराची कडी बाहेरून चमचा घालून उघडते, हे मंडळीत प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ते आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटायचं. गायकवृंदाचे झगे ठेवायचं मोठं कपाट लपायला उत्तम. मावशींनी ते उघडलं.

आत दातांचे डॉक्टर उभे होते. हातात टूथब्रश.

"शू! आत या, कुणीतरी येतंय," ते कुजबुजले. पावलं खरंच वाजत होती. मावशी आत शिरल्या. दोन मिनिटांत कपाट पुन्हा उघडलं आणि गणिताच्या बाई बादलीसकट आत घुसल्या, कारण त्यांना प्लंबरची चाहूल लागली होती. प्लंबरला पाळकसाहेबांची लागली. तो घुसला तेव्हा कपाटानं हात टेकले. फळी मोडली, आणि झगे, बादली, पाणी, डॉक्टर, बाई, प्लंबर आणि मावशी असा सगळा लवाजमा पाळकसाहेबांच्या पायाशी येऊन पडला. पाळकसाहेबांच्या हातात पॉलिशचा डबा होता.

मावशी आधी उठल्या. "बरं झालं, सगळे एकदम सापडलात. आता तोंडावर सांगा. माझ्या जागी कुणाला ठेवलंय?"

"तुमच्या जागी?" पाळकसाहेब मटकन बाकावर बसले. मग चौघं एकाच वेळी बोलायला लागले, आणि उपदेशापासून टूथब्रशपर्यंत सगळं बाहेर आलं. "अहो मावशी, तुम्हाला काढायचं आमच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं," असं म्हणत पाळकसाहेब उठायला गेले, आणि त्यांना उठता येईना. त्या बाकाला पाच जणांनी पाच वेळा पॉलिश लावलं होतं. पहिलं वाळायच्या आत दुसरं.

मावशी आता नीट बघू लागल्या. दाराच्या बिजागऱ्यांना इतक्या जणांनी तेल घातलं होतं की उंबऱ्यापाशी थारोळं साचलं होतं. घंटेच्या दोरीचं विरलेलं टोक तिघांनी तीनदा कापलं होतं, आता घंटा वाजवायला शिडी लागणार होती. डॉक्टरांनी वेदीवरची सोनेरी मेणबत्तीदाणी एवढी घासली होती की सोनेरी रंग जाऊन आतलं लोखंड दिसत होतं. प्रत्येक सत्यानाश बघून मावशींच्या चेहऱ्यावर थोडा थोडा रंग चढत गेला. दोरीपाशी तर त्या हसल्याच. देवा, ही माणसं आपल्यावाचून एक आठवडासुद्धा काढू शकत नाहीत!

"चुकलंच आमचं," शर्टाचा मागचा भाग बाकाला अर्पण करून सुटलेले पाळकसाहेब म्हणाले. "यापुढे जे काही करू ते तुम्हाला सांगून करू."

"सांगून नाही," मावशी म्हणाल्या. "विचारून."

बावीस वर्षं मावशींना सगळ्यांनी कामं सांगितली होती. विचारलं कुणीच काही नव्हतं.

पाळकसाहेबांनी खाली पडलेलं फडकं उचललं, वेदीकडे एकदा बघितलं, आणि मावशींपुढे येऊन उभे राहिले.

"मावशी," ते म्हणाले, "हे ओलं करून घेऊ, की कोरडंच?"

मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आधी कोरडं," त्या म्हणाल्या. "आणि पिळायचं कसं ते मी दाखवते. तुम्हाला काही येत नाही."