कॅप्टन मॅडमची प्लेट

तिसरी प्लेट हातावर टिकत नव्हती. पहिली अंगठा आणि बोटांमध्ये, दुसरी तिच्या खाली तळहाताच्या आधाराने, इथपर्यंत ड्रायव्हरला ठीक जमायचं. तिसरी मनगटाच्या वर ठेवायची, आणि ती ठेवली की त्याचा सगळा डावा हात थरथरायला लागायचा. तीस वर्षं ज्या माणसाने चाळीस-चाळीस प्रवासी भरून बस घाटातून उतरवली, त्याला तीन रिकाम्या प्लेटांनी घाम फोडला होता.

बस कंपनी बंद पडली आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हा गृहस्थ एका हॉटेलात वाढण्याचं काम शिकायला उभा राहिला. आता यातली खरी गंमत अशी की घरी त्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नव्हतं. घ्यायचं ठरवलंच असतं, तर आधी पेले कुठे असतात हे बायकोला विचारावं लागलं असतं. इथे मात्र पेल्याचे पाच प्रकार होते, आणि पाचही दांडीला किंवा तळाशी धरायचे. काठाला बोट लागलं की पेला परत धुवायला.

"अंगठा बाहेर, काका," वाढप्यांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टन मॅडम त्याच्या शेजारून जाताना म्हणाल्या. "प्लेटच्या आत अंगठा गेला की पाहुण्याला जेवण दिसत नाही, अंगठाच दिसतो."

"हो मॅडम," तो म्हणाला.

ही कॅप्टन मॅडम म्हणजे त्याची मुलगी. सख्खी, एकुलती एक.

हॉलमधल्या कुणालाही हे माहीत नव्हतं आणि कळूनही चालणार नव्हतं. मॅनेजरचा नियमच होता: एका घरातली दोन माणसं एका हॉलमध्ये नाहीत. पूर्वी कधीतरी इथे दोन साडू कामाला होते, त्यांनी एकमेकांच्या चुका वर्षभर झाकल्या आणि शेवटी सगळं निस्तरता निस्तरता मॅनेजरच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून नात्यातलं कुणी सापडलं तर दोघांनाही घरी पाठवायचं, असं त्याने जाहीर केलं होतं. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललं होतं, म्हणून अर्जावर काही दिसलं नाही. पण ती पाच वर्षं प्लेटा उचलून मागच्याच वर्षी कॅप्टन झाली होती, आणि बापासाठी तिने हे सगळं पणाला लावलं होतं. बापाला ते माहीत होतं. रात्री झोप लागत नव्हती ती त्यामुळेच.

"मी तुम्हाला काका म्हणेन, तुम्ही मला मॅडम म्हणायचं," पहिल्या दिवशी बसस्टॉपवर तिने बजावलं होतं. "आणि बाबा, माझ्याकडे बघायचं नाही. तुम्ही बघितलंत की लगेच कळतं."

म्हणून सात दिवस तो तिच्याकडे बघत नव्हता. कर्मचाऱ्यांच्या जेवणाला तिच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा, बाकीच्यांच्या प्लेटांकडे बघत जेवायचा, आणि तिच्या खुर्चीकडे ती उठून गेल्यावरच मान वळवायचा.

आज सातवा दिवस. आज दुपारी त्याने एक टेबल सांभाळायचं आणि मग मॅनेजरने काय ते ठरवायचं, असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. सकाळच्या मीटिंगला सगळे ओळीत उभे राहिले. मॅनेजर बुटका, नीटनेटका माणूस. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, हातांकडे बघायचा. नखं, बाह्यांची बटणं, हातावरचा नॅपकिन, सगळं बघत बघत तो ओळीच्या शेवटापर्यंत गेला आणि मग खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"काल माझ्या दाराखालून कुणीतरी ही चिठ्ठी सरकवली," तो म्हणाला. "माझ्या हॉलमध्ये एका घरातली दोन माणसं आहेत म्हणे. नाव घालायची हिंमत झालेली दिसत नाही. हरकत नाही, मी विचारत बसणार नाही. आज संध्याकाळच्या आत मला कळेल."

ड्रायव्हरला मुलीकडे बघायची इतकी ओढ लागली की त्याने नजर स्वतःच्या बुटांवर खिळवून ठेवली. मीटिंग संपताच ती पलीकडे आठव्या टेबलाची मांडणी सांगायला लागली: सूपचा चमचा सगळ्यात बाहेर, पाण्याचा पेला सुरीच्या टोकावर. आवाज अगदी नेहमीचा होता. पोरगी आपल्यापेक्षा घट्ट आहे, असं त्याला वाटलं आणि त्या घाबरलेल्या अवस्थेतही बरं वाटलं.

दुपारी एक वाजता त्याचं टेबल आलं. एका कंपनीची आठ माणसं, पैकी निळ्या कोटातला त्यांचा साहेब असावा, कारण तो बोलायला लागला की बाकीचे हसायला लागायचे. मॅनेजर खांबाजवळ हात मागे बांधून उभा राहिला.

ड्रायव्हरने मनात घोकणी सुरू केली. दाराजवळची खुर्ची पहिली, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे आठपर्यंत. अन्न डावीकडून, पाणी उजवीकडून, रिकामी प्लेट उजवीकडून. ऑर्डर बरोबर घेतली. सूप बरोबर नेलं. दोन सूप आणि एक सॅलड, तीन प्लेटा एका हातावर, आणि तिसरी हलली नाही. त्याची छाती भरून आली. खांबाकडे बघावंसं वाटलं, पण त्याने बघितलं नाही.

चूक झाली ती पाण्यात. निळ्या कोटाच्या उजव्या बाजूला कुणाची तरी बॅग पडलेली होती. ती ओलांडण्यापेक्षा डावीकडून हात लांबवलेला बरा, असं त्याला वाटलं. बसवाल्याचं डोकं, मोकळा रस्ता दिसला की तिकडून काढणार! नेमका त्याच क्षणी साहेबाने काहीतरी सांगायला हात उडवला. हातातला पाण्याचा जग कलंडला आणि साहेबाची बाही कोपरापर्यंत भिजली.



"काय चाललंय काय?" निळा कोट उठून उभा राहिला. "कुठून पकडून आणता ही माणसं?"

ड्रायव्हरने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मुलगी तिथे पोचली होती. कोरडा नॅपकिन तिच्या हातात होता.

"माफ करा सर. चूक माझी आहे. टेबलाभोवतीची जागा मोकळी आहे की नाही ते मी बघायला हवं होतं."

"तुमची? मग तुम्हाला कॅप्टन कुणी केलं? शोभेला उभं केलंय का?" एकदोघे हसले. "अशा बायकांना नुसतं मिरवायला येतं, काम यायला नको."

ड्रायव्हरची कानशिलं तापली. बसमध्ये कुणी बाईमाणसाला असं बोललं असतं तर त्याने गाडी बाजूला घेऊन त्याला खाली उतरवलं असतं, आणि तेही सामानासकट. इथे तर त्याची लेक होती, आणि त्याच्या चुकीचं बोलणं ऐकून घेत होती. जग धरलेली मूठ आवळली गेली. एक शब्द, एकच शब्द तोंडून गेला असता तर सगळं संपलं असतं. आणि मॅनेजर त्या साहेबाकडे बघत नव्हता. तो ड्रायव्हरच्या हातांकडे बघत होता.

त्याने मूठ सैल केली. एकेक बोट, जाणून बुजून.

"मॅडम," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज इतका सपाट ऐकून त्याला नवल वाटलं, "आणखी एक नॅपकिन आणू का?"

"आणा काका," ती म्हणाली.

त्याने नॅपकिन आणला. बॅग उचलून बाजूला ठेवण्याची परवानगी मागितली, उजवीकडून गेला, पाणी भरलं. हात हलला नाही. पुढचा दीड तास त्याने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत, पण आठही माणसं जेवली, कॉफी प्यायली, आणि निळा कोट जाताना त्याला "ठीक आहे" असंही म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारामागे गेल्यावर ड्रायव्हरने भिंतीला पाठ टेकली. निभावलं. पोरीसाठी गप्प बसता आलं, आणि यापेक्षा अवघड काही आता उरलं नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

चार वाजता कर्मचाऱ्यांचं जेवण लागलं. लांब टेबलावर मॅनेजर, शेफ, कॅशियरबाई, बार सांभाळणारा लंबू आणि कॅप्टन मॅडम बसले. बाकीचे दुसऱ्या पाळीत जेवायचे. ड्रायव्हर नेहमीसारखा टोकाची खुर्ची ओढायला गेला.

"बसू नका," मॅनेजर म्हणाला. "आज तुम्ही वाढायचं. शेवटची परीक्षा. आणि एक अट आहे, कुणाला काही विचारायचं नाही. सात दिवस तुम्ही आमच्याबरोबर जेवलात. कुणाला काय लागतं हे ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याने या धंद्यात पडू नये."

टेबलावर भात होता, भाजलेली कोंबडी होती, उकडलेल्या भाज्या, रस्सा, पाव, आणि अंडी चिरून घातलेलं सॅलड. ड्रायव्हरने मोठा चमचा आणि काटा एका हातात धरले, शिकवलं होतं तसे.

शेफला भात आणि नुसता रस्सा. स्वतः दिवसभर मांस भाजणारा हा माणूस कोंबडीला शिवायचा नाही, हे त्याने दुसऱ्याच दिवशी टिपलं होतं. शेफने भुवया उंचावून मान डोलावली. कॅशियरबाईंना भाज्या जास्त, भात दोनच चमचे, पाव नाही.

"अगंबाई! हे तर आमच्या ह्यांनाही अजून जमत नाही," त्या म्हणाल्या.

लंबूला सगळं, आणि सगळं दुप्पट. मॅनेजरला कोंबडीचा छातीचा तुकडा, रस्सा वेगळ्या वाटीत, कारण रस्सा भाताला लागलेला त्याला चालत नसे. मॅनेजर वाटीकडे बघून हसला. सात दिवसांत तो हसलेला ड्रायव्हरने पहिल्यांदाच पाहिला. त्याला हुरूप आला. हे आपल्याला येतं, चोपन्नाव्या वर्षी काहीतरी नवीन येतं आपल्याला.

मग तो डावीकडून मुलीच्या खुर्चीशी आला, चमचा उचलला, आणि त्याला काही सुचेना.

सात दिवस त्याने तिच्या प्लेटकडे बघितलं नव्हतं. बरं, सात दिवसांचं जाऊ दे. लग्नाआधी चोवीस वर्षं ही मुलगी त्याच्या घरात जेवली होती. त्याने आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती स्वतःची प्लेट, समोर टीव्ही, आणि मागून येऊन वाढणारा बायकोचा हात. तो आधी जेवायचा. तो उठला की मायलेकी स्वयंपाकघरात बसायच्या. काय जेवायच्या, किती जेवायच्या, काही उरायचं की नाही, ते त्याने कधी आत जाऊन पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. भात किती घेते ही? कोंबडी आवडते का हिला? तिच्या शाळेचा नंबर, तिच्या पहिल्या सायकलचा रंग, तापात ती काय बडबडायची, सगळं त्याला पाठ होतं. जेवणाचं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

सगळे बघत होते. मॅनेजरने काटा खाली ठेवला होता.

मुलगी अगदी बापावर गेली आहे, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. एवढाच काय तो आधार होता. त्याने स्वतःला आवडतं ते वाढलं: थोडा भात, कोंबडीची तंगडी, आणि वर भरपूर सॅलड, त्यातली अंडी निवडून निवडून जास्त घेतलेली.

"अहो काका, काय हे!" कॅशियरबाई ओरडल्या. "मॅडम अंडं खात नाहीत! वासानेसुद्धा उलटी होते त्यांना. लहानपणापासून आहे ते. इथे भाजीवाल्यालासुद्धा माहीत आहे."

लंबू हसायला लागला. ड्रायव्हरच्या हातातला चमचा तसाच हवेत राहिला. लहानपणापासून. दर रविवारी घरी अंडी व्हायची, आणि त्याला ती खूप आवडतात म्हणून तोच करायला सांगायचा.

मॅनेजर खुर्चीत मागे टेकला. मग त्याने खिशातली ती चिठ्ठी काढली, चार तुकडे केले आणि रिकाम्या बशीत टाकले.

"तुम्हाला म्हणून सांगतो, काका," तो म्हणाला, "माझा संशय तुमच्यावरच होता. तुम्ही दोघं एकमेकांकडे इतकं बघत नाही की मला वाटलं, नक्की बापलेक असणार. सकाळपासून तुमच्या पाळतीवर होतो. पण बापाला एवढं माहीत नसतं का?" त्याने रश्श्याची वाटी जवळ ओढली. "बाकी चार बरोबर, एक चूक. पाण्याची धरली तर दोन. चालेल. उद्यापासून या."

नोकरी मिळाली होती. मुलीचं कॅप्टनपण वाचलं होतं. आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते सगळं झालं होतं, आणि ड्रायव्हरला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. नाही साहेब, मीच बाप आहे हिचा, असं ओरडून सांगावं असं एक क्षण त्याच्या ओठांवर आलं. पण ते आता कुणाला खरं वाटलं असतं? पुरावा तर त्यानेच स्वतःच्या हाताने वाढून ठेवला होता.

"मॅडम, चुकलं," तो म्हणाला. आवाज या वेळी सपाट राहिला नाही. "दुसरी प्लेट आणतो."

मुलीने सात दिवसांत पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"असू दे काका," ती म्हणाली आणि काट्याने अंडी प्लेटच्या कडेला सारायला लागली. "तुम्हाला कसं माहीत असणार?"