बाटलीला पाडलेली खिडकी

दौलत मोरेची पहिली बिअर उन्हाने घालवली. सौदीत, कतीफ शहराच्या अलीकडे, खजुरीच्या बागा संपतात तिथे कंपनीचा कॅम्प आहे. त्यातल्या एका खोलीत दौलत आणि इलेक्ट्रिशियन विनोद अशा दोन सभ्य माणसांचा संसार. बिनदारूची माल्टची बिअर दुकानात राजरोस मिळते. तिच्यात साखर आणि पावाचं यीस्ट घालून जो उद्योग करायचा तो दौलतने केला, द्राक्षरसाच्या रिकाम्या पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत भरला आणि ऊब मिळावी म्हणून खिडकीत मांडून ठेवला. बारा दिवसांनी विनोदने पहिला घोट घेतला, तोंड तसंच भरलेलं ठेवून बेसिनपाशी गेला आणि परत येऊन शांतपणे म्हणाला, "दादा, ह्यात बोका मुतलाय."

विनोदनेच मोबाइलवर शोधून कारण काढलं. बिअरला उजेड सोसत नाही. उन्हात ती बघता बघता वास मारायला लागते, आणि ट्यूबलाइटही तिच्या वाईटावरच असते. विकतच्या बाटल्या तपकिरी असतात त्या उगाच नव्हे.

"पुढच्या खेपेला पायमोजे घालू त्यांना," विनोद म्हणाला. "माझे घे."

"तुझे? त्यापेक्षा बोका परवडला."

दुसरा कोणी असता तर त्याने बाटल्या काळ्या पिशवीत घालून पलंगाखाली ढकलल्या असत्या. पण पलंगाखाली आणि कपाटात दर महिन्याला तपासणी होते. समोरच्या फळीकडे कोणी ढुंकून बघत नाही, असा दौलतचा सिद्धान्त होता. शिवाय तो इन्सुलेशन फिटर. चौदा वर्षं याच देशात वाफेच्या पाइपांना कपडे चढवण्यात गेलेली. साइटवरचे टाकाऊ तुकडे आणून त्याने नव्या खेपेच्या सहा बाटल्यांची मापं घेतली. आधी काळी टेप, तिच्यावर रॉकवूल म्हणजे दगडी लोकर, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, बुचावर घुमटासारखी टोपी आणि जोडावर ओळीत रिव्हेट. उजेडाचा किरण सोडा, मुंगीला आत शिरायला जागा ठेवली नाही. काम बघून तो स्वतःशीच हसला. इथेच त्याचं चुकलं. गबाळं काम केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, पण गबाळं काम त्याच्या हाताला येतच नव्हतं.

तपासणीला त्या महिन्यात कॅम्पबॉसबरोबर रणजित साळवी आले. कामाचा दर्जा तपासणारे इंजिनिअर, मूळचे रत्नागिरीचे, कडक माणूस. दौलतची बायको अमिता चौदा वर्षांत पहिल्यांदाच इकडे यायची होती, तिच्या व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागत होतं आणि ते पत्र सहीसाठी साळवीसाहेबांच्या टेबलावर पडलं होतं. तिने तिकडे नवी बॅगसुद्धा आणून ठेवली होती. साहेबांचा हात फळीकडे गेला तसा दौलत दोन पावलं पुढे सरकला.

"हे काय?"

"नवीन पोरांना शिकवायला नमुने केलेत, साहेब."

साहेबांनी जोडावरून अंगठा फिरवला. "असं काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. रविवारी क्लायंट येतोय, एक माझ्या ऑफिसात ठेवतो." आणि एक बाटली काखेत मारून ते चालायला लागले.

"खलास," विनोद खाटेवर बसत म्हणाला. "फुटली तर?"

"फुटत नाही. ती मुरलीय आता."

तासाभरात साहेबांचा फोन आला. नमुन्याला खिडकी पाडायची होती, म्हणजे पाहुण्यांना आतले थर दिसतील. दौलत पत्र्याची कात्री घेऊन ऑफिसात गेला. त्याचा बेत साधा होता, पत्रा आणि रॉकवूल कापायचं आणि काळ्या टेपपाशी थांबायचं. पण साहेब खुर्ची ओढून समोरच बसले.

"टेपपण काढ की. आतला पाइप दिसू दे."

"पाइप नव्हता साहेब, बाटलीवर केलंय."

"असू दे. काढ."

टेप निघाली. चार बोटं काच उघडी पडली आणि आत मधासारखा रंग चमकला. साहेब वाकून बघायला लागले.

"वजन यावं म्हणून कोरा चहा भरलाय," दौलत म्हणाला. इतकं चोख खोटं आपल्याला सुचलं याचं त्यालाच नवल वाटलं.

"डोकं आहे तुला," म्हणत साहेबांनी नमुना काचेच्या कपाटात ठेवला. कपाट पूर्वेच्या खिडकीसमोर. सकाळचं ऊन थेट त्या चार बोटं काचेवर.

पुढचे दोन दिवस दौलतला जेवण गोड लागलं नाही. पकडला गेलो तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल, अमिताची बॅग कपाटावर चढेल, हे भय होतंच. पण नासणाऱ्या बिअरसाठी जीव त्याहून जास्त तुटत होता, आणि याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

सोमवारी बोलावणं आलं. टेबलावर नमुना, त्याची टोपी काढलेली, बूच उघडं. शेजारी व्हिसाचं पत्र, सहीविना. खोलीभर बोका.

"क्लायंटसमोर टोपी काढून दाखवायला गेलो," साहेब म्हणाले, "तर बूचच सुटलं. चहा सडलाय तुझा. माझी नाचक्की झाली."

दौलतचा जीव भांड्यात पडला. साहेबांना अजून चहाच वाटत होता. माफी मागितली, बाटली मोरीत ओतली की सुटलो.

"माफ करा साहेब," तो म्हणाला.

"वरून नुसता देखावा. आत हवा जात असणार. कच्चं काम."

दौलतने मान खाली घातली. मग वर काढली. चौदा वर्षांत त्याला कोणी कामचुकार म्हटलं होतं, आळशीही म्हटलं होतं. कच्चं काम असं कोणी म्हटलं नव्हतं.

"काम पक्कं होतं साहेब. खिडकी तुम्ही पाडायला लावलीत. बिअरला उजेड लागला की असाच वास येतो. बाकीच्या पाच बंद आहेत, त्यातली एक चाखून बघा आणि मग बोला."

बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं. साळवीसाहेब उठले, दार लावून घेतलं आणि पुन्हा बसले.

"पाच आहेत," ते म्हणाले.

"माझ्याच आहेत साहेब. विनोदचा काही संबंध नाही."

साहेबांनी पेन उघडलं. पत्र पुढे ओढून वाचलं, सावकाश, पुन्हा एकदा. मग सही केली, शिक्का मारला, पण पत्रावर हात तसाच ठेवला.

"वहिनी येतील तेव्हा खोलीत यातलं काही राहता कामा नये."

"आजच ओततो साहेब. आत्ता जाऊन ओततो."

"ओततोस?" साहेबांना खरोखर राग आल्यासारखा दिसला. "मी दर्जा तपासणारा माणूस आहे. तपासल्याशिवाय माल फेकायचा, हे कुठे शिकलास? शुक्रवारी दुपारी जेवायला येतो. मासे तू कर."

दौलतने पत्राची घडी खिशात घातली. दारापर्यंत गेला, तिथून परत फिरला.

"साहेब, दुपार म्हणजे उजेड असणार. मी स्टीलचे पेले काढून ठेवतो."