सहावा प्लग

नवऱ्याचं नाव व्यंकटी. बाईनं घ्यायचं नसतं म्हणतात, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं? सिद्रामप्पांचा पेट्रोलवरचा जुना ट्रक हे चालवायचे. दुष्काळात त्यावर टाकी ठेवून कंधारच्या आसपास गावोगाव पाणी वाटलं. इंजिनला प्लग सहा. पाच ह्यांच्या हाताला येत. सहावा पार मागं, केबिनच्या पत्र्याखाली. ह्यांचा पंजा तिथं शिरायचाच नाही. मग हाक यायची, "पंचशीले, हात दे."

बांगड्यांसकट हात आत जात नसे. हे एकेक उतरवून आपल्या खिशात ठेवायचे. मी जुना प्लग काढायची, नवा आधी नुसत्या बोटांनी आट्यात बसवायची, मग पाना. हात काळाकुट्ट व्हायचा. रॉकेलच्या चिंधीनं हेच तो पुसायचे आणि बांगड्या चढवायचे, हळूहळू, एकही वाढू न देता. चारचौघांत ह्या माणसानं कधी हात धरला नाही. धरला तो एवढाच, आणि मला तो पुरायचा.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या जीपा. ह्यांना तिथं ड्रायव्हरची नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला आले ते ऐटीतच. "डिझेलची जीप हाय. प्लगच नसतेत तिला."

"मंग माझं काय काम तिथं?" मी हसून विचारलं.

"खोली मिळू दे, नेतो."

जिल्ह्याला सगळं मिळालं, आम्हाला खोली तेवढी मिळेना. ह्यांचं येणंही कमी झालं. आठवण यायची ती मनगटाला यायची.

यंदा पुन्हा पावसानं दडी मारली. ट्रक सुरू करायला सिद्रामप्पांनी ह्यांना बोलावून घेतलं. माझ्यासाठी नाही, प्लगसाठी तरी आले! बांगड्या खिशात गेल्या. मी प्लग आट्यात बसवायला मुद्दाम वेळ लावला. इंजिन धडधडलं, तेवढ्यात सिद्रामप्पा ओरडले, "व्यंकटी, यष्टी आली की रे!" हे पळाले. खिशात बांगड्या वाजत होत्या. मला ऐकू आलं, पण मी मुद्दाम गप्प बसले. त्या चढवायला तरी यावं लागेल.

शेजारची सरजाबाई विचारायची, "एक हात मोकळा कामून गं?"

"लातूरला गेल्यात बांगड्या. येतेल."

शनिवारी एसटी थांबली. मी पदर सारखा करून पुढं झाले. कंडक्टरनं खिडकीतून पुडकं दिलं. "व्यंकटीनं धाडलंय. घाईत राहिल्या म्हणला."

पुडकं हातात वाजलं. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. मी ते तसंच परत दिलं.

"आता त्याला काय सांगू?"

"ज्याच्या खिशात राहिल्या त्यानंच चढवाव्या म्हणावं. खोली न्हाई मिळाली तर न्हाई. हात हितंच हाय."

तेव्हापासून एसटी थांबली की मी पुढं होते. कंडक्टर नुसती मान हलवतो. सरजाबाईनं कासाराकडून नव्या बांगड्या आणून दिल्यात, माझ्याच मापाच्या. त्या कोनाड्यात पडून आहेत.