मागे टाकलेलं पाणी

"खाला, साखर नको, नुसताच दे. घसा पार कोरडा पडलाय," म्हणत दुभाष्या तवक्कुल बैठकीच्या दालनातून पडदा सारून सरकारी अतिथिगृहाच्या मोरीपाशी आला, तेव्हा सगळे जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत ती निकबख्त पेले विसळत होती. तिने किटली उचलली खरी, पण ओतायच्या आधी विचारून घेतलं, "तूतदर्ऱ्याच्या चौकीचं काय ठरलं?"

"मी काय इथे बातम्या वाटायला बसलोय?"

"मग चहा तरी फुकट कशाला वाटू मी?"

तवक्कुल थकल्यासारखा हसला. "चौकी आपल्या फौजेच्या ताब्यात येणार, यात वाद नाही. अडलंय ते परदेशी फौजेच्या हेलिकॉप्टरवर. जखमींना उचलायला ते पुढेही येणार का? आपले म्हणतात, यायलाच हवं. परदेशी म्हणतात, बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. सकाळपासून दोन्हीकडचं 'बघू' मीच इकडून तिकडे वाहतोय." तो पेला घेऊन पडद्याआड गेला.

निकबख्तचा एकुलता एक मुलगा याकूब तूतदर्ऱ्याच्या चौकीवर शिपाई होता. मागच्या वसंतात त्याच्या मांडीत गोळी घुसली, तेव्हा परदेशी फौजेचं हेलिकॉप्टर दरीत उतरलं आणि त्याला काबूलच्या दवाखान्यात घेऊन आलं. जरा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरने तिला तोंडावर सांगितलं होतं. पण त्याच फौजेचं कुत्रं घरझडतीच्या वेळी तिच्या भावाच्या जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, पाय देऊन फिरलं होतं, आणि त्या अपमानानंतर त्या भावाने घरात पाहुणा म्हणून कुणाला घेतलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत होती. हे लोक जावेत असं तिला मनापासून वाटे, आणि ते जाणार म्हटल्यावर दरीत उतरलेलं ते हेलिकॉप्टर आठवे.

शिवाय आजच याकूबची रजा संपली होती. तो सकाळी परत चौकीवर निघायचा होता आणि नेमकी पहाटेच अतिथिगृहाची गाडी तिला न्यायला आली. पाहुण्यांची न्याहारी होती. बाहेर कडाक्याची थंडी, याकूब रजईत गाढ झोपलेला. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि निघाली. गाडीत बसल्यावर आठवलं, पोराच्या मागे पाणी कोण टाकणार? घरचा माणूस लांबच्या वाटेला लागला की त्याच्या पावलांमागे भांडंभर पाणी टाकायचं, म्हणजे तो सुखरूप परत येतो. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. फोन फाटकावरच काढून घेतलेला. मागच्या वेळी तिने पाणी टाकलं होतं, म्हणूनच गोळी मांडीवर निभावली, यात तिला शंका नव्हती.

दुपार कलली आणि दालनातून टाळ्या ऐकू आल्या. शिष्टाचार अधिकारी शरीफीसाहेब धावतच आत आले. "चला, सगळे पायऱ्यांवर उभे राहा. पाहुणे निघाले. कॅमेरे आलेत, जरा हसरे चेहरे ठेवा."

निकबख्त हातातल्या पाण्याच्या वाडग्यासकट बाहेर आली. हस्तांदोलनं झाली, दारं लागली, काळ्या गाड्या हलल्या. पोराच्या मागे टाकायचं पाणी सकाळपासून तिच्या मनात अडून राहिलं होतं. समोर निघालेल्या गाडीची पाठ दिसली आणि हात आपोआप वळला. वाडगा रिकामा झाला. फरशीवरून पाणी गाड्यांच्या मागे ओघळत गेलं आणि कॅमेरेवाल्यांनी ते टिपलं.

शरीफीसाहेबांचा चेहरा उतरला. "खाला, काय करून बसलीस हे? बारा वर्षांनी हे पाहुणे देशातून उठले, आणि तू त्यांना परत या म्हणतेस?"

"हात वळला, साहेब."

"हात वळला! उद्या मंत्र्यांनी विचारलं तर हेच सांगू?"

ती मान खाली घालून उभी राहिली. तिला लाज वाटत होती, पण साहेबांची नव्हे. पोराच्या वाट्याचं पाणी तिने परक्यांच्या मागे ओतलं होतं. तवक्कुल शेजारून जाऊ लागला तशी ती पुटपुटली, "हेलिकॉप्टर?"

"पुढच्या बैठकीत."

"आणि चौकी?"

"सोमवारपासून आपली," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता पुढे गेला.

फाटकावर फोन हातात पडतो न पडतो तोच वाजला.

"आई, टीव्हीवर झळकलीस की," याकूब म्हणाला. मागे कपबशांचा आणि माणसांचा गलका होता. "वाटेत चहाला थांबलोय. इथे सगळे हसतायत. माझं पाणी साहेबलोकांना देऊन टाकलंस होय?"

तिला हसता येईना. "याकूब, बाळा, पहाटे गाडी आली रे. तुला उठवलं नाही."

"अगं, चालायचंच. मीच टाकलं."

"कुणी टाकलं?"

"मीच. घराला कुलूप लावलं, लोटा भरला आणि स्वतःच्याच मागे ओतला. शेजारचा कादर वेडा झालास का म्हणाला." आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "आई, आपणच आपल्या मागे टाकलं तर चालतं का गं?"

असं कुणी केल्याचं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"चालतं," ती म्हणाली. "न चालायला काय झालं?"

घरी पोचेपर्यंत ऊन गेलं होतं. उंबऱ्यासमोरच्या सावलीत याकूबने टाकलेल्या पाण्याचा पातळ बर्फ झाला होता. शेजारचा कादर, कुणी घसरून पडायला नको म्हणून, त्यावर टाकायला घमेलंभर राख घेऊन आला.

"राहू दे," निकबख्त म्हणाली, आणि भिंतीला धरून, कडेकडेने पाय टाकत घरात गेली.