पडद्यामागून आलेलं उत्तर

या मित्रांनो, मैत्रिणींनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता मोठा निघत नाही. एका बाईची गोष्ट सांगतो. मन लावून ऐका, देव तुमचं भलं करील.

मी एक जुना हिरवा पडदा आहे. ताग्यातून कापला गेलो, कडांवर शिवण पडली आणि बायकांच्या डॉक्टरबाईंच्या खोलीत टांगला गेलो. माझ्या एका अंगाला टेबल-खुर्च्या, दुसऱ्या अंगाला तपासणीचा उंच पलंग. नवा होतो तेव्हा सिस्टर कौतुकाने म्हणायच्या, याच्यामुळे बायकांची लाज राहते. आता कड्या गंजल्यात, धुऊन धुऊन रंग उडालाय. ओढताना अडकलो की सगळे मलाच बोलतात.

डॉक्टरबाईंचा हात मोठा सफाईचा. गर्भाशय काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक टाके घालून बंद करतात. बाई तिथे जास्तीची कड आत घेऊन घट्ट शिवायच्या, पुढे उसवायला नको म्हणून. उसवलं कुणाचंच नाही. नंतरच्या तपासणीत टाके बघून झाले, की पेशंट पलंगावर कपडे सावरत असतानाच त्या इकडे येऊन नवऱ्याला सांगत, "सगळं छान आहे. आता नवरा-बायको म्हणून पूर्वीसारखं राहायला हरकत नाही." परवानगी नेहमी माझ्या या अंगाला मिळायची. शरीर त्या अंगाला असायचं.

एकदा एक कंडक्टरबाई आली. भरल्या बसमध्ये नुसत्या आवाजावर माणसं पुढे सरकवणारी. इथे मात्र 'हो' आणि 'बरं' यापलीकडे गेली नाही. डॉक्टरबाईंनीच केलेल्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. मेकॅनिक नवऱ्यानेच तिला आणलं होतं. बायकोचं मन आपल्यावरून उडालं असं धरून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता.

डॉक्टरबाईंनी तपासलं, इकडे येऊन खुर्चीत बसल्या आणि सगळं छान आहे म्हणाल्या. नवरा हसत बोलला, "छान कसलं, डॉक्टर? आमची गाडी कधीची डेपोतच उभी आहे."

ते हसू त्याच्याच तोंडावर विरलं. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच आला असेल.

"दुखतं मला. आत, पार टोकाला. पुढे जागाच नसल्यासारखं. मन नाही उडालं हो माझं. तुम्ही जवळ आलात की अंगच आखडतं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंच नाहीत कधी."

डॉक्टरबाई उठल्या, माझ्या मागे गेल्या आणि पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऑपरेशननंतर पुष्कळजणींना बरंच वाटतं, पण कड जास्त आत गेली की आतली जागा आखूड होते, व्रण ताठ राहतो, हे त्यांनी सांगितलं. औषध आहे, स्नायू सैल करायचे व्यायाम आहेत, वेळ लागेल. मग हळू म्हणाल्या, "शिवण माझी आहे. तुमचा दोष नाही."

नवऱ्यालाही त्यांनी आत बोलावलं. आपण बाहेरच्या खोलीत झोपतो हे सांगून, आता काय करायचं, असं त्याने खाली बघत विचारलं.

"ती थांब म्हणाली की थांबायचं. आणि झोपायला आतल्या खोलीत जायचं."

आता त्या कड बेताने घेतात आणि प्रत्येकीला विचारतात. काहीजणी सांगतात, बऱ्याचजणी अजून माझ्याकडे बघत राहतात. कंडक्टरबाईला पुष्कळ उतार आहे. दुखणं सगळं गेलेलं नाही. पण नवऱ्याची गादी आत आली.

मी थकलो, मित्रांनो. लवकरच मला उतरवतील; फरशी पुसायला तरी घेतील. मला विसरलात तरी चालेल. पण कंडक्टरबाईच्या आधी ज्या कपडे सावरत, 'बरं' म्हणत मुकाट घरी गेल्या, त्यांची आठवण असू द्या. त्यांतली एखादी तुमच्या घरीही असेल. तिला विचारा, आणि ती बोलेपर्यंत जवळ बसा.