बाबा कोणत्या हाताला वळले?

धाकट्या बहिणीच्या समाजशास्त्राला मी कधी शास्त्र म्हटलंच नाही. "जे शेंबड्या पोरालाही कळतं ते अवघड शब्दांत सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा," असं तिला भर जेवणात ऐकवायचो. माझं गॅरेज आहे. तिथे नट बसतो किंवा बसत नाही. तीही काही कमी नाही. "उचलली जीभ लावली टाळ्याला," म्हणायची आणि शांतपणे जेवत राहायची.

त्या दुपारी बाबा दार उघडं टाकून निघून गेले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, हल्ली स्वतःच्या घरात वाट चुकणारा. जातील कुठे? डेपोतच. हे सांगायला पुस्तक कशाला लागतं? मी गॅरेजमधली सगळी माणसं त्यांच्या जुन्या रूटवर पिटाळली आणि स्वतः हाका मारत आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. ऊन रणरणत होतं. बाबांना पाण्याचा घोटही मिळाला नसेल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

निरोप मिळताच धाकटी धावत आली. तिने डेपोचं नाव काढलं नाही, बाबांच्या सवयींची चौकशी केली नाही. माझ्या बायकोला एकच विचारलं, "वहिनी, दारातून कोणत्या हाताला वळले?"

"डावीकडे. खालच्या इस्त्रीवाल्याने पाहिलंय."

"मग सरळ चला. अडेपर्यंत."

मी भडकलो. "बाप हरवलाय आणि तू शिकवणी कसली घेतेस?"

"असे हरवलेले शेकडो म्हातारे आम्ही अभ्यासलेत, दादा. बहुतेक जण नाकासमोर चालत राहतात आणि अडतात तिथेच थांबतात. फार लांब जात नाहीत. आणि हाकेला ओ देत नाहीत."

डावीकडचा रस्ता पुढे भिंतीपाशी संपतो. तिथे, उभ्या टेम्पोच्या पलीकडे, भिंतीपासून वीतभर अंतरावर बाबा उभे होते. घामाने चिंब. टेम्पोच्या अलीकडून मघाशी मीच "बाबा, बाबा" ओरडत गेलो होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"समोरची गाडी हलली की निघू," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

माझ्या बापासारखा हट्टी, तऱ्हेवाईक माणूस जगात दुसरा नाही, अशी माझी खात्री होती. आणि ज्यांना त्यांनी कधी पाहिलंही नाही, अशा परक्यांच्या बापांच्या पावलावर पाऊल ठेवून ते इथवर आले होते. धाकटीला ती वाट आधीच ठाऊक होती. तिला हात जोडावेत असं वाटलं.

घरी तिने बाबांना पाणी पाजलं, कोरडा शर्ट घातला. ती बटणं लावत असताना मी हळूच विचारलं, "अशा माणसांचं पुढे काय होतं गं?"

एरवी एका प्रश्नावर तासभर बोलणारी माझी बहीण लावलेल्याच बटणावरून बोट फिरवत राहिली.

"माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या विषयाला शास्त्र मानलं होतं, आणि ते चुकावं असं मला मनापासून वाटत होतं.